मोरी ठेवायची की काढायची

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. खालच्या काकू दुपारी आमटीचं पातेलं घेऊनच वर आल्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. पातेलं आमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ गं, यात काय पडलंय." तळाशी मुठीएवढा गिलाव्याचा तुकडा होता. त्यांच्या छताचा, म्हणजे आमच्या मोरीच्या बरोबर खालचा.

ओल दोन-तीन वर्षं दिसत होती. दर पावसाळ्यानंतर काका वर यायचे, आम्ही पांढरं सिमेंट आणून लाद्यांच्या फटी भरायचो, चहा व्हायचा, विषय संपायचा. या वेळी चहा झाला नाही.

आम्ही गिरगावात एका वाडीत पहिल्या मजल्यावर राहतो. पागडीची जागा, आजेसासऱ्यांनी घेतलेली. इमारत तळमजला अधिक दोन. विटांच्या दीड फुटी भिंती, चुन्याचं बांधकाम, सागवानी तुळया, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, मागे हाऊसगल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची अरुंद गल्ली. सेसच्या, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या भाषेत 'ए' वर्ग, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची. नक्की किती आधीची ते घरमालकालाही सांगता येत नाही. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजची नियमावली आहे, यादी आहे, ग्रेड आहेत. आमची इमारत त्यात कुठेच नाही. पण जिन्याची पायरी नव्वद-शंभर वर्षं पाय पडून मधोमध खोलगट झालेली असली की घराचं वय सांगायला यादी लागत नाही.

स्वयंपाकघराला हात लावायचा म्हटल्यावर वाडीत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला पैसे घालताय?" हा प्रश्न मी लग्न होऊन आले तेव्हाही ऐकला होता. माझी मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. रिडेव्हलपमेंटचा नियम ३३(७) आणि त्यात मिळणारे ३०० चौरस फूट हे आकडे आमच्या वाडीत लहान पोरांनाही आरतीसारखे पाठ आहेत. इमारत मात्र आहे तिथेच आहे, आणि तिच्यात रोज दोन वेळा स्वयंपाक करावा लागतो.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातलं स्वयंपाकघर आमटीच्या आधीपासून तयार होतं. नऊ बाय अकराच्या खोलीत एल आकाराचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर चकचकीत शटर्स, चिमणी, आणि मोरी गायब. मोरीवर माझा विशेष राग होता. अडीच बाय तीन फुटांचा तो खड्डा, त्यात पाण्याचं पिंप, कायम ओला कोपरा. ती काढली की तिथे फ्रिज बसेल हा माझा हिशोब. एका शोरूमवाल्याने कॉम्प्युटरवर तसं चित्रही काढून दिलं होतं. त्या चित्रात खिडकीबाहेर झाडं होती. आमच्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे बिडाचे पाईप आहेत.

आई, म्हणजे सासूबाई, चित्र बघून म्हणाल्या, "छान आहे. मासे कुठे धुणार?"

"सिंकमध्ये."

"आणि बिरड्याचे वाल? परात? गणपतीतलं मोठं पातेलं?"

आम्ही सीकेपी. आठवड्यातून तीन दिवस घरात बोंबील नाहीतर कोलंबी असते, आणि बिरडं म्हणजे वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात सोला, असा दोन दिवसांचा उद्योग. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. महिनाभर हा वाद चालला. नवरा दोन्ही बाजूंना "बरोबर आहे" म्हणत होता.

वाद मिटवला तो तिसऱ्याच व्यक्तीने. काकांच्या मुलाने ओळखीच्या एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई आणल्या. त्या आमच्याकडे आल्याच नाहीत, आधी खाली गेल्या. काकूंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढल्या, गिलावा पडला होता तिथे उघडी पडलेली तुळई बघितली, पर्समधून साधा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तुळईत खुपसला. मधल्या भागात तो टक्कन थांबला. भिंतीकडे सरकत सरकत त्या टोकाशी आल्या, आणि तिथे तो मुठीपर्यंत आत गेला, मऊ केकमध्ये जावा तसा. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळा, ओला भुसा.

"सागवान एरवी शंभर वर्षं टिकतं," त्या म्हणाल्या, "पण भिंतीत गेलेलं टोक कायम ओलं ठेवलंत तर नाही."

मग वर येऊन त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने हिशोब मांडला. (ती भिंत फुटणारच होती.) पिंपात पाणी २०० लिटर, म्हणजे २०० किलो. ओट्याखालच्या विटांच्या तीन आडव्या भिंती, साधारण ३०० किलो. वरचा कडाप्पा, फ्रिज, धान्याचे डबे. जमिनीवर पाय आपटून बघितला आणि विचारलं, "लाद्या किती वेळा बदलल्यात?" मला एकदा माहीत होतं. आई म्हणाल्या, दोनदा. "आणि दर वेळी आधीच्या न काढता वर बसवल्या?" आम्ही गप्प. त्यांनी जाडी पाच इंच धरली, गुणाकार केला, आणि खाली अडीच टन लिहून त्याभोवती गोल काढला. हे सगळं लाकडाच्या कड्यांवर, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या वाशांवर, आणि कड्या त्या कुजक्या टोकाच्या तुळईवर.

माझ्या चित्रातले रंग त्या दिवशी उडाले. त्यांनी सांगितलेला क्रम साधा होता: आधी वजन, मग पाणी, मग धूर, आणि या तिन्हींतून जे उरेल त्यात कपाटं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. लाद्या, गिलावा, ओटा ही घरातली किरकोळ दुरुस्ती धरली जाते, पण तुळईला हात लावला की ते इमारतीच्या सांगाड्याचं काम. त्यासाठी घरमालकाची लेखी संमती, इंजिनिअरचा अहवाल आणि नकाशे, आणि सेस इमारत असल्यामुळे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत. दोन महिने गेले. ते दोन महिने वाया गेले नाहीत, कारण इंजिनिअर बाईंनी मला गृहपाठ दिला होता: "आठवडाभर नुसतं बघा, स्वयंपाकघरात कोण कुठून कुठे जातं."

मी वही घेऊन दाराशी बसले. आईंना आधी हसू आलं, मग राग आला, मग त्या विसरल्या. पहिल्याच सकाळी कळलं की चहापासून डब्यापर्यंत त्या अकरा वेळा मोरीशी गेल्या आणि चार वेळा फ्रिजपाशी. तांदूळ धुवायला, भाजी धुवायला, विळी धुवायला, पिंपातून पाणी घ्यायला. सिंक होतं, पण ते ओट्याच्या लांबच्या टोकाला, गॅसच्या पलीकडे, त्यामुळे हातात उकळतं पातेलं असताना तिथे पोचायला गॅससमोरून जावं लागायचं. मिक्सर जमिनीवरच्या प्लगला लावत होतो, कारण ओट्याजवळ प्लगच नव्हता. आणि रोजच्या वापरातले मसाले माळ्याखालच्या फळीवर, जिथे आईंचा हात पोचत नाही. त्या दर वेळी मला हाक मारायच्या. वीस वर्षं मी ती हाक ऐकली होती, कधी मोजली नव्हती.

दुसरी गोष्ट उंचीची. मी पाच फूट पाच इंच, आई चार फूट दहा. जुना ओटा बत्तीस इंच. भांडी घासून माझी कंबर भरून यायची, आणि सिंकचा तळ ओट्यापेक्षाही खाली असतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं. उलट गॅसची शेगडी ओट्यावर चार-पाच इंच उंच बसते, तिच्यावर कुकर, म्हणजे आईंना कढीत डोकवायला टाचा उंचवाव्या लागत. आम्ही फ्रिजचे आणि टीव्हीचे खोके वाडीतून गोळा केले, ते एकावर एक रचून खोटा ओटा केला आणि दोघींनी त्यावर खोटी पोळी लाटून बघितली. मुलीने व्हिडिओ काढला, तो अजून नातेवाइकांत फिरतोय. पण निकाल लागला: गॅसचा भाग बत्तीसच इंच, सिंकचा भाग पस्तीस. ओट्याला मध्ये तीन इंचांची पायरी. शोरूमवाला म्हणाला, असं कुणी करत नाही. त्याचा आणि आमचा संबंध तिथे संपला.

आता मोरी. मी बाईंना विचारलं, मोरी समोरच्या भिंतीला हलवली तर? त्यांनी उलट विचारलं, पाणी कुठे जाणार? हाऊसगल्लीतला बिडाचा पाईप मागच्या भिंतीला. सात फुटांवरून पाणी न्यायचं तर दोन इंच तरी उतार हवा, वर पाईपची जाडी, म्हणजे जमीन पाच इंच उचला, म्हणजे पुन्हा वजन. आणि जमिनीत सात फूट पाईप पुरला की गळती कुठे आहे ते खालच्यांच्या आमटीत कळणार. मोरी आहे तिथेच ठेवा, नीट करा, आणि सिंक तिच्या शेजारी आणा. दोन्हींचं पाणी एका हाताच्या अंतरात बाहेर.

आई हे सगळं बाहेरच्या खोलीतून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. फक्त त्या रात्री जेवताना मला माशाची दुसरी तुकडी न मागता वाढली.

मार्चमध्ये फोडाफोड सुरू झाली. वरची व्हिट्रिफाइड लादी १९९८ ची, माझ्या समोर बसवलेली. तिच्याखाली ठिपक्यांचं मोझॅक. त्याखाली लाल-पिवळ्या वेलबुट्टीच्या सिमेंटच्या लाद्या. आई उठून आल्या. "या आमच्या लग्नातल्या. भारत टाइल्स." त्यांच्या पिढीत अशा कुठल्याही लादीला भारत टाइल्सच म्हणतात, ती कंपनी १९२२ सालची, स्वदेशीच्या दिवसातली. आमच्या लाद्या तिच्याच की नाही कोण जाणे. अकरा अखंड निघाल्या. बाकी सगळं मिळून चौसष्ट गोणी मलबा त्या खोलगट पायऱ्यांवरून डोक्यावर खाली गेला. शेवटची गोणी गेली त्या संध्याकाळी मोकळ्या फळ्यांवर चालताना पहिल्यांदा त्या घराचा खरा आवाज ऐकला, लाकडाचा, पोकळ.

भिंतीतही बरंच निघालं. ओट्यामागे कुठूनही न येणारा आणि कुठेही न जाणारा लोखंडी पाईप. प्लंबर कापायला निघाला, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी थांबवलं. "तो गॅसचा. लालबागच्या गॅस कंपनीचा. सिलिंडरच्याही आधी." बॉम्बे गॅस कंपनीने १८६५ मध्ये रस्त्यांवर दिवे लावले आणि पुढे काही वस्त्यांत घरोघरी पाईपने गॅस दिला, लालबागच्या त्या भागाला लोक अजून 'गॅस कंपनी'च म्हणतात. आम्ही पाईप मृत आहे याची खात्री करून घेतली आणि मग काढला. आज आमच्याकडे पुन्हा पाईपचाच गॅस आहे. त्याची लाइन आपण मनाने हलवायची नाही, कंपनीची माणसंच हलवतात, आणि ती भिंतीत गाडायचीही नाही. म्हणून ओट्याची जागा आधी नक्की केली आणि मग त्यांना बोलावलं.

छताजवळ सिमेंटने बुजवलेला झरोका सापडला. चूल होती तेव्हाचा. मी चिमणीच्या पाईपसाठी भिंतीला नवं भोक पाडायला निघाले होते. बाईंनी दीड फुटी भिंतीत मशीन लावायला साफ नाही म्हटलं. झरोका उघडला, त्यात पंखा आणि बाहेरून उंदरांसाठी जाळी बसवली. चिमणी घेतलीच नाही. फोडणीचा ठसका आधी पूर्ण घराला लागायचा, आता फक्त हाऊसगल्लीला लागतो.

तुळईचं काम नऊ दिवस चाललं, आणि ते आमच्या घरात नव्हे, काकूंच्या घरात. त्यांच्या ओट्यासमोर जमिनीपासून छतापर्यंत चार लोखंडी टेकू, मधून वाट काढत जायचं. कुजलेलं टोक दोन फूट कापलं. दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून जुन्या सागवानातून आरपार बोल्ट घेतले, आणि चॅनलची टोकं भिंतीत जाड प्लेटवर टेकवली. त्या नऊ दिवसांत काकूंना स्वयंपाक करता येईना, आणि आम्हालाही. मी गॅलरीत इंडक्शनवर दोन्ही घरांचा स्वयंपाक केला. सातव्या दिवशी काका म्हणाले, "खिचडी छान होते तुझ्या हातची." मी समजायचं ते समजले आणि आठव्या दिवशी बाहेरून पावभाजी आणली.

मोरीला बाईंनी विटांच्या तुकड्यांचा कोबा करू दिला नाही. जड होतो, आणि तडकला की कळत नाही. त्याऐवजी नळबाजाराजवळच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टेनलेस स्टीलचा अखंड ट्रे वेल्ड करून घेतला, चारी बाजूंनी सहा इंच वर वळवलेला, तोंड थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीच्या तोंडात. त्यावर पातळ शहाबादी. म्हणजे दिसायला तीच मोरी, खाली परात. पाण्याने भरून दोन दिवस ठेवली. काका खाली टॉर्च घेऊन, मी वर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "कोरडं आहे गं!" पिंप गेलं, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात लोखंडी घडवंचीवर नव्वद लिटरची टाकी आली.

चुन्याचं प्रकरण मी मुद्दाम लांबवते, कारण इथे आमच्या आधीच्या सगळ्या दुरुस्त्या चुकल्या होत्या. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते, क्षार फुगतात आणि गिलावा पोपडे धरतो. आपण म्हणतो भिंत खराब आहे, आणि आणखी सिमेंट मारतो. चुन्याचं काम करणारा कारागीर मिळेना. शेवटी सुतारकाकांच्या ओळखीतले डोंबिवलीचे एक निवृत्त गवंडी आले. त्यांनी कळीचा चुना पिंपात पाण्यात सोडला. ते पाणी अक्षरशः उकळायला लागलं. आमचं हद्दपार झालेलं पिंप असं कामी आलं. मग म्हणाले, "आता याला हात लावायचा नाही. मुरू दे." दोन आठवडे. आई रोज सकाळी झाकण उचलून बघायच्या, लोणच्याची बरणी बघावी तशा. वाळू आणि विटांची सुरखी घालून गिलावा झाला. ओट्याच्या वर दोन फूट फक्त लाद्या लावल्या, त्यापुढे भिंत मोकळी. हाताला गार लागते. सुकायला मात्र जीव खाते. मे अर्धा संपला.

वायरिंग बेस्टकडून लोड वाढवून नवं केलं, सामान लोहार चाळीतून. ओट्यावर सहा प्लग घेतले. आठ घ्यायला हवे होते.

ओट्याखाली विटा नाहीत, भिंतीला धरून लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर ग्रॅनाइट. पायरीमुळे ग्रॅनाइट दोन तुकड्यांत होता, नाहीतर आठ फुटांची अखंड लादी आमच्या जिन्याच्या वळणावर फिरलीच नसती. हे आधी ठरवलं होतं असं मी आता लोकांना सांगते.

सुतारकाका राजापूरकडचे. कमी बोलणारे. आईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसता येत नाही, म्हणून विळी जेवणाच्या टेबलावर ठेवून चिरायच्या; मला ते बघवायचं नाही. सुरी त्यांना जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही. मी सुतारकाकांना म्हटलं, यावर काही होईल का? त्यांनी आईंना स्टुलावर बसवलं, गुडघ्यापासून हातापर्यंत टेपने माप घेतलं आणि गेले. आठवड्याने मोरीशेजारच्या ट्रॉलीत एक जाड सागवानी फळी बसवली, ड्रॉवरसारखी बाहेर येणारी, जमिनीपासून अठरा इंचांवर. फळीत विळीच्या पाटाच्या आकाराची खाच. विळी त्यात बसते आणि हलत नाही. पुढे कठडा, म्हणजे चिरलेलं खाली सांडत नाही. आत ढकलली की पातं बंद. लाकूड कुठलं विचारलं तर म्हणाले, "तुमचंच, वहिनी." कापलेल्या तुळईचा चांगला निघालेला भाग त्यांनी जपून ठेवला होता.

चार लाख धरले होते, पाच लाख ऐंशी हजार झाले. आणि एवढं मोजूनही फ्रिज चुकला. त्याचं दार भिंतीकडे उघडतं आणि अर्धंच उघडतं. भाज्यांचा खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही. वही भरून नोंदी केल्या, पण दार कुठल्या बाजूला उघडतं ते कुणीही बघितलं नाही. अकरा जुन्या लाद्या खिडकीखाली एका ओळीत लावल्या आहेत. बारावी असती तर ओळ पूर्ण झाली असती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा काकूंच्या छताला हात लावून आले. कोरडं होतं. त्याच आठवड्यात जिन्याखाली नोटीस लागली: रविवारी सर्व भाडेकरूंची सभा, नवीन बिल्डर, नवीन नकाशे. नवरा सभेला गेला आणि नकाशाची झेरॉक्स घेऊन आला. आई विळीवर बोंबील साफ करत होत्या. हात न थांबवता विचारलं, "स्वयंपाकघर केवढं आहे?"

"सात बाय आठ."

"आणि मोरी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी झेरॉक्स घडी करून मसाल्यांच्या फळीवर ठेवली, खालच्या, जिथे आता आईंचाही हात पोचतो.